दहा बाय दहा

आमच्या माणदेशात कुणी गाव सोडून गेलं की ‘नोकरीला गेला’ असं म्हणत नाहीत. ‘जगायला गेला’ म्हणतात. पाऊस संपला की मेंढरं घेऊन बाहेर पडणारे धनगर जगायला जात, आणि मुंबईच्या गिरणीत बदली म्हणून लागणारा पोरगाही जगायलाच जाई. गावात राहून माणसं काय करतात, याचं उत्तर त्या शब्दातच आलं.

माझे चुलते लालबागला होते. मी लहान असताना एकदा वडिलांबरोबर त्यांच्या खोलीवर गेलो होतो. दहा बाय बाराची खोली आणि तिच्यात आमच्याच गावची वीस-बावीस माणसं. भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्या, दोरीवर कपडे, कोपऱ्यात वळकट्या. एवढी माणसं मावत कशी, असं मला वाटलं. पण गिरणीला तीन पाळ्या होत्या. एक उठून कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा येऊन पडायचा. जेवण खानावळीच्या बाईकडं. गावाहून नवा पोरगा आला, तर त्याला खोली शोधावी लागत नसे. चिठ्ठीवरचा पत्ता विचारत यायचं, पेटी ठेवायची आणि हातपाय धुवायचे. खोली गावची होती.

गावची होती, पण गावातल्या सगळ्यांची नव्हती, हे मला तेव्हा दिसलं नाही. वेशीबाहेरच्या वस्तीतली माणसं मुंबईला गेली की कुठं उतरतात, हा प्रश्न आमच्या घरात कधी निघालाच नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाख कामगार बाहेर पडले. चुलते त्या उन्हाळ्यात पेटी घेऊन गावी आले, ते परत गेले नाहीत. पुढं ती खोलीही गेली. आमच्या आधीच्या दोन पिढ्या डोळे झाकून ज्या दाराशी जाऊन उभ्या राहत होत्या, ते दार आमची वेळ आली तेव्हा बंद झालेलं होतं. आता गावातली पोरं पुण्याच्या अंगाला बघायला लागली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही नावं एसटी स्टँडवर ऐकू यायला लागली. तिथं कारखाने होते, पण गावची खोली नव्हती.

१९८६ च्या जून महिन्यात आम्ही दोघं निघालो. मी आणि माझा जोडीदार. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहायच्या आधी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, “नाव नगं लिहू. नाव लिहिलंस की लोक आडनाव इचारत्यात.” एवढं सांगून तो हसला. त्याचा मान ठेवून ‘जोडीदार’ एवढंच म्हणतो.

आम्ही पहिलीपासून एका वर्गात. आयटीआयला दोघंही टर्नर. रोजगार हमीच्या कामावर दोघांनी एका ढिगावर खडी फोडलेली. तो आमच्या घरी यायचा. ओट्यावर बसायचा. त्याच्यासाठी एक कपबशी वळचणीला खोचून ठेवलेली असायची. तो आला की ती काढायचा, स्वतः विसळायचा, आई वरून चहा ओतायची, आणि पिऊन झालं की धुऊन तो ती परत तिथंच खोचायचा. हे इतकं रोजचं होतं की आम्हा दोघांत त्यावर कधी बोलणं झालं नाही. त्याची दोस्ती आणि ती कपबशी या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसलेल्या होत्या. एकमेकींना त्या कधी धडकल्या नाहीत.

दहिवडीहून फलटण, लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड, मग दिवेघाट उतरून हडपसर आणि स्वारगेट. तिथून शहर बसनं भोसरी. माझ्याजवळ आईनं बांधून दिलेल्या बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, त्याच्याजवळ त्याच्या आईच्या भाकरी आणि हुलग्याची उसळ. जेजुरीच्या स्टँडवर आम्ही दोन्ही फडकी एकत्र सोडली आणि जेवलो. गावात असं जेवलो नव्हतो. एसटीत बसलं की गाव मागं राहतं, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

कामाला लागायला चारच दिवस गेले. एका छोट्या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून दोघांनाही घेतलं. महिना चारशे दहा रुपये. लेथवर हात बसला की वाढवू, असं मालक म्हणाला. राहायची सोय होईपर्यंत शेडमध्येच झोपा, म्हणाला. मशीनच्या मागं लोखंडाचा कीस झाडून आम्ही पोती अंथरायचो. रात्री कूस बदलली की किसाचं एखादं कुरळं पातं टोचायचं. सगळ्या अंगाला कूलंटचा वास. पाऊस सुरू झाल्यावर पत्र्यातून गळायला लागलं, मग पोतीही गेली.

काम मिळणं सोपं आणि खोली मिळणं अवघड, हे तेव्हा कळलं. सुट्टीच्या दिवशी आम्ही गल्ल्या फिरायचो. कुठं खडूनं ‘खोली भाड्याने देणे आहे’ असं लिहिलेलं असायचं. पण खरी खबर मिळायची पिठाच्या गिरणीवर. एखाद्या घरचं दळण यायचं थांबलं की गिरणीवाल्याला पहिल्यांदा कळतं. तो सांगायचा, “त्या पिंपळाच्या मागच्या चाळीत बघा. लातूरवाला गेला वाटतं गावाकडं.”

पहिला प्रश्न सगळीकडं एकच. “फॅमिली हाय का?” नाही म्हटलं की दार लागायचं. सडेफटिंगांना कुणी खोली देत नव्हतं. “बाया-पोरींची वस्ती हाय, बाबांनो.” त्यांचंही चुकत होतं असं नाही. आमच्यासारखी शेकडो पोरं त्या वेळी तिथं येत होती. कॉट बेसिसवर राहत होती, एका कॉटवर दिवसाचा एक आणि रात्रीचा एक. त्यातली काही पगाराच्या दिवशी दारू पिऊन दंगा करत. त्यांचे भोग आमच्या वाट्याला आले.

दुसरी अडचण डिपॉझिटची. भाडं शंभर-सव्वाशे असायचं, पण डिपॉझिट पाचशे, सहाशे. तेवढे पैसे आम्ही जमवले होते. मी वडिलांकडून तीनशे आणले होते, ते सोसायटीच्या कर्जातले. त्याचे तीनशे त्याच्या आईनं शेळी विकून दिलेले. दुभती शेळी. म्हसवडच्या बाजारात ती स्वतः घेऊन गेली होती. त्याच्या घरी शेळी एवढीच दौलत होती. जमीन नव्हतीच.

तिसरी अडचण आम्ही दोघंही बोलत नव्हतो. दोन ठिकाणी सगळं जमत आलं होतं. फॅमिली पुढच्या महिन्यात आणू, असं सांगितलेलंही चाललं होतं. मग आडनावं विचारली गेली आणि “घरात इचारून सांगतो, उद्या या” असं उत्तर आलं. उद्या गेलो तर खोली गेलेली. पण गिरणीवाला म्हणाला, अजून कुलूपच आहे.

तिसऱ्या सुट्टीला सकाळी मी त्याला म्हणालो, “मावसभाऊ म्हणून सांगू या आपण.”

तो म्हणाला, “तुझ्या आईला भनी किती?”

“एक.”

“तिला इचारलंस का?”

मी हसलो. तोही हसला. पण नाही म्हणाला नाही. म्हणजे ठरलं, असं मी धरून चाललो.

त्या दिवशी आम्ही आबांच्या वाड्यावर गेलो. आबा तिथले गाववाले. त्यांच्या अंगणात दोन म्हशी होत्या आणि गोठ्यापलीकडं एका ओळीत आठ पत्र्याच्या खोल्या. दहा बाय दहा, कोपऱ्यात मोरी, छताला एक बल्ब. सगळ्यांत मिळून एक नळ, मागं दोन संडास. तिथं एके काळी आबांची ज्वारी डुलत होती. जमीन एमआयडीसीत गेली, पैसा आला, पैसाही गेला. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या बांधल्या. त्या भागातल्या कितीतरी शेतकऱ्यांचं हेच झालं. शेताऐवजी खोल्या पिकायला लागल्या. कारखान्याचा भोंगा झाला की आबा म्हणायचे, “आमच्या वावरातनं वाजतुया.”

आबांनी आम्हाला बाजेवर बसवलं, आत चहाला सांगितलं. मग विचारपूस सुरू झाली. गाव कुठलं, तालुका कुठला, काम कुठं, पाळी कुठली, पिता का, विडी वढता का. मग म्हणाले, “पावती मागायची न्हाई. कागूद करायचा न्हाई. रेशनकार्डावर माझं घर लावायचं न्हाई. कूळ लागाय नगं.”

हे मला लगेच समजलं. आमच्याकडंही तीच भीती होती. कूळकायद्यात कसणाऱ्याची जमीन झाली, हे प्रत्येक जमीनवाल्याच्या घरात अजून बोललं जाई. आबांची जमीन एकदा सरकारनं घेतली होती. आता खोली भाडेकरू घेईल, अशी त्यांना धास्ती. म्हणून कागद नाही. कागद नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून रेशनकार्ड नाही, रेशनकार्ड नाही म्हणून राकेल काळ्या बाजारानं. मालकाच्या एका भीतीतून भाडेकरूचा असा सगळा संसार बेकायदा होत जायचा.

मग त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं.

“व्हय का? तिकडं पाव्हणं हायती आमचं,” आबा म्हणाले. आमच्या दोन-तीन गावांची नावं त्यांनी घेतली. मला बरं वाटलं. महिनाभरात पहिल्यांदा कुणीतरी मला ओळखलं होतं.

मग जोडीदाराकडं वळले. “आन् तुमी?”

“गायकवाड.”

गायकवाड आडनावावरून काही कळत नाही. बडोद्याच्या महाराजांचंही तेच आणि आमच्या गावच्या वेशीबाहेरच्या वस्तीतही तेच. जाधव, पवार, मोरे, शिंदे यांचंही तसंच. म्हणून आडनावानं भागलं नाही की जाणती माणसं दुसरा प्रश्न विचारतात. आबा जाणते होते.

“गायकवाड, बरं. पाव्हणं कुठं कुठं तुमचं?”

जोडीदारानं माझ्याकडं पाहिलं. ‘मावसभाऊ’ हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. आबा माझे पाहुणे ओळखत होते, मी नुसतं म्हणालो असतो तर त्यांनी पुढं विचारलंही नसतं. मी खाली वाकलो. चपलेचा अंगठा निघाला होता, असं नाही. मी तो उगाच चाचपत बसलो.

तो म्हणाला, “आमी बौद्ध.”

आबा रागावले नाहीत. आवाजही चढला नाही. थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, “पोरांनो, माझं काय न्हाई. पर नळ एक हाय. बाया भांडत्यात. मला उगं कटकट.” मग माझ्याकडं बघून, “तुमी एकलं ऱ्हानार असला तर खोली हाय. दोघास्नी तशी बी बारकीच पडंल.”

आत सांगितलेला चहा काही आला नाही.

‘माझं काय न्हाई’ हे वाक्य मी पुढं फार ठिकाणी ऐकलं. सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये, लग्न जुळवताना, शाळेच्या कमिटीत. म्हणणाऱ्याचं कधीच काही नसतं. नळावरच्या बायांचं असतं, शेजाऱ्यांचं असतं, म्हाताऱ्या आईचं असतं.

आम्ही बाहेर आलो. पाऊस होता. समोरच्या टपरीच्या पत्र्याखाली उभे राहिलो. मला घाई होती, ही गोष्ट खरी आहे. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ससूनमध्ये तारीख मिळाली होती आणि मंगळवारी वडील तिला घेऊन यायचे होते. ऑपरेशननंतर महिनाभर तिला धूळ, धूर, पाणी काही लागू द्यायचं नव्हतं. शेडमध्ये तिला कुठं ठेवणार होतो? हे सगळं त्याला माहीत होतं.

त्यानं बंडीच्या आतल्या खिशातून घडी काढली आणि माझ्या हातात दिली. “जा. दिऊन ये. न्हाईतर ही बी जाईल.”

“आन् तू?”

“मी हाय की शेडमदी.”

मी पैसे घेतले. ‘नको’ म्हणालो नाही. तोंडदेखलंसुद्धा म्हणालो नाही. परत आबांकडं गेलो आणि सहाशे रुपये मोजून दिले. त्यातले तीनशे त्याचे. आबांनी ओल्या नोटा एकेक करून सुटवल्या, मोजल्या आणि किल्ली दिली. ज्या पोराला त्यांनी नळ नाकारला, त्याच्या घरच्या शेळीचे पैसे त्यांच्या पेटीत गेले. आबांना ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

मंगळवारी आई आली. डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या काळी टाके घालत, बरेच दिवस पट्टी असायची आणि पुन्हा पुन्हा दाखवायला न्यावं लागे. वडील चार दिवसांनी पेरणीसाठी गावाकडं परतले. माझी तेव्हा दिवसपाळी होती, नवा माणूस म्हणून रजा मिळेना. जोडीदाराला रात्रपाळी होती. रात्रभर मशीनवर उभं राहून सकाळी तो खोलीच्या कोपऱ्यावर यायचा. आत यायचा नाही. मी आईला हाताला धरून गल्लीच्या तोंडापर्यंत न्यायचो आणि त्याच्या हातात तिचा हात द्यायचो. तो तिला कासारवाडीहून लोकलनं पुण्याला न्यायचा, ससूनच्या रांगेत बसवायचा, केसपेपर काढायचा, औषध घालून परत आणायचा. असं चार वेळा झालं.

दुसऱ्या वेळेस आई परत आल्यावर म्हणाली, “लई गर्दी हुती. त्यानं धरून ठिवली म्हनून. तहान लागली तर पानी दिलं, बिस्कुट दिलं.” मग थोड्या वेळानं, “त्यो इथं का येत न्हाई रं?”

मी म्हणालो, “मालकाला चालत नाही.”

आई काही बोलली नाही. तिच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. दुसऱ्यानंही तिला फारसं दिसत नव्हतं. ती भिंतीकडं तोंड करून बसली. वळचणीची कपबशी तिला आठवली असेल का, हे मी विचारलं नाही. मला मात्र आठवली. आबांना मी मनात शिव्या देत होतो, आणि आबांच्या नळापेक्षा आमची वळचण वेगळी कुठं होती? आम्ही तर त्याला पाहुणा म्हणत होतो.

पावसाळाभर तो शेडमध्ये राहिला. गणपतीनंतर त्याला देहूरोडला खोली मिळाली, त्याच्याच माणसांत. तिथं बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ ला स्वतः बुद्धाची मूर्ती बसवलेली आहे. त्या विहाराच्या आसपासच्या वस्तीत कुणी त्याला पाहुणे विचारले नाहीत. म्हणजे विचारले, पण ते खरोखरीच ओळख काढण्यासाठी, आणि फलटणकडची त्याची एक आत्या तिथं निघाली. तिनंच डिपॉझिटची हमी घेतली. पण भोसरी लांब पडायची. लोकलनं कासारवाडी आणि पुढं पायी. पहिल्या पाळीला तो पहाटे साडेचारला उठायचा. मी सहाला उठत होतो. दोघांचा पगार सारखा, काम सारखं, तरी त्याची रोजची दीड तास झोप आडनावाखाली गेली. पुढं पाच वर्षं.

त्याचे तीनशे मी आठ महिन्यांनी फेडले. चाळीस-चाळीस करून. शेवटचे वीस दिले तेव्हा तो म्हणाला, “झालं बघ. आईला शेळी घ्याय सांगतो.” शेळी तेव्हा चारशेला झाली होती. वरचे शंभर मी दिले नाहीत. तेव्हा ते सुचलंही नाही.

आई गावी गेल्यावर पुढच्या दिवाळीला तो घरी आला. आईनं त्याला आत बोलावलं आणि घरातल्या कपात चहा दिला. वळचणीची कपबशी तिथं नव्हती. ती कुठं गेली, हे आईनं सांगितलं नाही. गावात कुणाला कळू नये म्हणून तिनं दार मात्र लोटून घेतलं होतं.

बऱ्याच वर्षांनी, दोघांचीही डोकी पांढरी झाल्यावर, मी त्याला विचारलं होतं, “मी मावसभाऊ म्हणालो असतो तर?”

तो म्हणाला, “चार दिस लपलं असतं. पाचव्या दिवशी माझी आई आली असती. तिला काय शिकिवनार हुतास, नाव बदलून सांग म्हनून?”

“मग तुला राग नाही आला?”

“आला हुता की. खोलीचा न्हाई आला. तू चपलीला हात लावलास, त्याचा आला.”

त्यानं ते पाहिलं होतं.

आता मी स्वतः घरमालक आहे. नव्वदच्या दशकात दिघीच्या पुढं दीड गुंठा घेतला, खाली आम्ही, वर चार खोल्या. आता डिपॉझिटला दहा हजार, पंधरा हजार म्हणतात. कागदाची भीती मात्र उलटी झाली. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं करार लेखी करून त्याची नोंदणी करणं बंधनकारक केलं, आणि ती जबाबदारी मालकावर टाकली. केली नाही तर मालकाला दंड, कैदसुद्धा होऊ शकते. आबा असते तर त्यांना हे पटलंच नसतं. आता अकरा महिन्यांचा करार ऑनलाईन होतो, अंगठा मशीनवर ठेवायचा, पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची. आधार कार्डावर नाव, बापाचं नाव, आडनाव, पत्ता सगळं असतं. मालकानं तोंडानं विचारावं असं काही उरलेलंच नाही.

गेल्या वर्षी जूनमध्येच एक पोरगा आला. नांदेडकडचा. चाकणला एका कंपनीत ठेकेदाराकडं लागलेला. पाठीवर सॅक, पायात स्लीपर, पावसानं भिजलेला. बरोबर बहीण होती, नर्सिंगला आलेली. मी त्यांना खुर्च्या दिल्या, गाव विचारलं, काम विचारलं, पाळी विचारली. आणि मग माझ्या तोंडातून आलं, “आडनाव काय तुमचं?”

पोरानं लगेच उत्तर दिलं नाही. त्यानं बहिणीकडं पाहिलं. क्षणभरच. ते पाहणं मी ओळखलं. चाळीस वर्षांपूर्वी बाजेवर माझ्या शेजारी बसून कुणीतरी माझ्याकडं तसंच पाहिलं होतं.

मला वाटत होतं, आपण तसे नाही. मी जातीच्या नावानं कुणाला खोली नाकारलेली नाही, हे खरंच आहे. पण त्या पोराला ते कसं कळणार? त्याला फक्त प्रश्न कळतो. तो याआधी किती दारांत उभा राहिला असेल आणि किती ठिकाणी त्याला ‘उद्या या’ असं सांगितलं असेल, ते त्याच्या त्या गप्प बसण्यात होतं. आणि त्या दारांच्या ओळीत आता माझंही एक दार होतं.

मी म्हणालो, “राहू दे. करार करताना आधार दे, त्यात असतंच.” बायकोला चहा टाकायला सांगितला, आणि चहा येईपर्यंत मी तिथून उठलो नाही. त्यांनी खोली पाहिली. घेतली.

रात्री मी देहूरोडला फोन लावला. जोडीदाराला सगळं सांगितलं. मी काय विचारलं तेही सांगितलं. तो काही वेळ गप्प होता.

मग म्हणाला, “खोली दिलीस ना?”

“दिली.”

“डिपॉझिट किती घेतलंस?”

“दहा हजार.”

“कमी कर,” तो म्हणाला. “त्यांच्या बी घरची शेळी गेली आसंल.”

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो. पोरगा कामावर गेला होता. बहीण मोरी घासत होती. मी पाच हजार तिच्या हातात दिले आणि करारात पाचच लिहू म्हणालो. तिला वाटलं, हिशेबात काही चुकलं. ती म्हणाली, “काका, दहाच ठरले होते ना?”

मी म्हणालो, “हो, ठरले होते. जुनी बाकी होती एक.” तिला काही कळलं नाही. ती पैसे हातात धरून तशीच उभी राहिली, आणि मी जिना उतरून खाली आलो.